टीव्ही आणि होम थिएटरसाठी सर्ज प्रोटेक्टर: आधी तारा मोजा, डबा नंतर

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा क्षणिक झटका अडवणारा सॉकेटचा डबा किंवा पट्टी, घेताना बहुतेकांची नजर दोन गोष्टींवर जाते: सॉकेट किती आहेत आणि खोक्यावर जूलचा, म्हणजे तो किती ऊर्जा पचवतो त्याचा, आकडा केवढा छापलाय. घरी आणून तो भिंतीतल्या सॉकेटला लावला, त्यात टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स खोचले की काम झालं असं वाटतं. मग एखाद्या गडगडाटी रात्रीनंतर टीव्ही सुरू होतो, मेनूही दिसतो, पण एचडीएमआयचे दोन पोर्ट गेलेले असतात. खापर प्रोटेक्टरवर फुटतं. प्रत्यक्षात झटका डिशच्या केबलमधून शिरलेला असतो आणि ती केबल प्रोटेक्टरच्या जवळपासही गेलेली नसते.

म्हणजे गडबड निवडीपेक्षा क्रमात जास्त आहे. डबा ही या कामातली उशिराची पायरी. त्याआधी त्रास कोणता, अर्थिंग कसं आणि तारा किती, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळलात तर पुढचा खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी.

## टप्पा १: त्रास नेमका कोणता ते ठरवा

'व्होल्टेजचा प्रॉब्लेम' या दोन शब्दांत चार वेगवेगळे त्रास दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सर्ज किंवा स्पाइक. शेकडो ते हजारो व्होल्टची उसळी, पण ती टिकते सेकंदाचा काही दशलक्षांश भाग. जवळपास वीज पडणं, गेलेले लाइट परत येणं, पंप किंवा एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होणं ही नेहमीची कारणं. सर्ज प्रोटेक्टर फक्त या एका त्रासासाठी बनलेला असतो.

टिकून राहणारं जास्त व्होल्टेज. तीन फेजच्या पुरवठ्यात कुठेतरी न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर एका फेजवर चालणाऱ्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं, आणि कुणीतरी मेन बंद करेपर्यंत ते तसंच राहतं. १२०/२४० व्होल्टच्या पद्धतीतही हे घडतं, आकडे तेवढे वेगळे. इथे सर्ज प्रोटेक्टर टीव्हीला वाचवत नाही. तो स्वतःच तापून जळतो.

कमी व्होल्टेज. यात सर्ज प्रोटेक्टर काहीच करत नाही.

लाइट जाणं. यासाठी यूपीएस लागतो.

दुसऱ्या प्रकारची खूण ओळखायला सोपी आहे: घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि त्याच वेळी दुसरीकडचे मंद. असं होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रलचे जोड तपासून घ्या. शिवाय व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारा आणि स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने जोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवा. सर्ज प्रोटेक्टर त्याच्या जोडीला राहील, त्याच्या जागी चालणार नाही.

स्टॅबिलायझरबद्दल फार विचार करू नका. टीव्हीच्या मागच्या लेबलवर इनपुट '१००–२४० व्होल्ट' असं लिहिलेलं असेल तर त्याचा पॉवर सप्लाय एवढा चढ-उतार स्वतः सांभाळतो.

> तपासा: तुमचा त्रास वरच्या चारपैकी कुठला, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर खरेदी थांबवा.

## टप्पा २: अर्थिंगची खात्री करा

बहुतेक सर्ज प्रोटेक्टरचा जीव एमओव्हीत, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टरमध्ये असतो. नाण्याच्या आकाराची ही झिंक ऑक्साइडची चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ बंद असते. व्होल्टेज एका पातळीच्या वर गेलं की ती करंटला वाट करून देते. अशा चकत्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन जोड्यांमध्ये बसवतात. अर्थिंगच नसेल तर तीनपैकी दोन जोड्या निकामी. केबल आणि लॅनसाठी दिलेली संरक्षक सॉकेटं तर पूर्णपणे अर्थवरच अवलंबून असतात.

तपासणीचा क्रम असा:

1. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावून फेज, न्यूट्रल आणि अर्थ जागच्या जागी आहेत का पाहा. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर ते आधी दुरुस्त करून घ्या.
2. टेस्टरने 'बरोबर' म्हटलं म्हणून थांबू नका. अर्थची तार जोडलेली आहे एवढंच तो सांगतो. ती जमिनीपर्यंत नीट पोचते का, हे त्याला कळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ लूपची किंवा अर्थ रेझिस्टन्सची मोजणी करून घ्या.
3. सॉकेट उघडून आत कुणी न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तारेने जोडून ठेवलेत का, हेही त्यालाच पाहायला सांगा. ही पळवाट टेस्टरला फसवते. पुढे न्यूट्रल तुटला तर उपकरणाच्या धातूच्या बॉडीत थेट फेज उतरतो.

तीन पिनांच्या अँप्लिफायरला किंवा कॉम्प्युटरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटला अर्थ मिळत नाही असं धरून चाला. दोन पिनांच्या उपकरणाला तशा बारीक झिणझिण्या चांगलं अर्थिंग असतानाही जाणवू शकतात, कारण त्याच्यापर्यंत अर्थची तार जातच नाही. त्यावरून घरच्या अर्थिंगबद्दल निष्कर्ष काढू नका.

> इशारा: टीव्हीच्या कोपऱ्यासाठी वेगळी सळई ठोकून 'स्पेशल अर्थ' देण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. घराच्या मुख्य अर्थला न जोडलेली दुसरी सळई म्हणजे वीज पडल्यावर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक, आणि मध्ये तुमचा टीव्ही. अर्थची तार पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपलाही जोडू नका.

## टप्पा ३: आत येणारी प्रत्येक तार कागदावर उतरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नुकसान बहुधा इथूनच होतं. म्हणून जरा थांबून करा.

कागदावर एक चौकोन काढा. त्यात टीव्ही, एव्ही रिसीव्हर, सबवूफर, गेम कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, राउटर अशी एकमेकांना तारांनी जोडलेली सगळी उपकरणं लिहा. आता या चौकोनाची रेघ ओलांडून आत येणारी किंवा बाहेर जाणारी प्रत्येक धातूची तार काढा. साधारणपणे या सापडतात:

- प्रत्येक उपकरणाचा पॉवर प्लग
- डिशची, केबल टीव्हीची किंवा अँटेनाची कोअॅक्शियल केबल
- दुसऱ्या खोलीतल्या राउटरपासून येणारी लॅन केबल
- टेलिफोन लाइन, जर त्यावर इंटरनेट असेल तर
- छतावरच्या प्रोजेक्टरकडे जाणारी लांब एचडीएमआय केबल
- खोलीच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या सॉकेटवर लावलेला सबवूफर आणि त्याची ऑडिओ केबल
- गच्चीत किंवा अंगणात नेलेल्या स्पीकरच्या तारा

वाय-फाय, ब्लूटूथ आणि ऑप्टिकल ऑडिओ केबल या यादीत येत नाहीत. त्यातून वीज वाहत नाही. फायबर इंटरनेट असेल तर काचेचा धागा सुरक्षित, पण फायबरच्या बॉक्सचा अॅडॉप्टर आणि त्यातून निघणारी लॅन केबल तांब्याचीच आहे. ती धरा.

आता नियम: रेघ ओलांडणारी प्रत्येक तार एकाच प्रोटेक्टरमधून गेली पाहिजे. जी जाऊ शकत नाही ती काढून टाकली पाहिजे.

कारण समजलं की नियम लक्षात राहतो. तारेला रेझिस्टन्ससोबत इंडक्टन्सही (करंट झटकन बदलायला होणारा विरोध) असतो, एका मीटरला ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री. रोजच्या वापरात तो जाणवत नाही. पण सर्जचा करंट एका मायक्रोसेकंदात हजार अँपिअरने वाढला, तर त्या एका मीटर तारेच्या दोन टोकांत सुमारे १,००० व्होल्टचा फरक तयार होतो. म्हणजे पाच मीटर अंतरावरच्या दोन अर्थ-बिंदूंत क्षणभर काही हजार व्होल्ट. टीव्हीचा प्लग एका बिंदूशी आणि डिशच्या केबलचं जाळीदार आवरण दुसऱ्या बिंदूशी जोडलेलं असेल, तर हा सगळा फरक टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सच्या मधल्या एचडीएमआय केबलवर येतो. त्या केबलच्या टोकाला असलेल्या चिप ५ व्होल्ट किंवा त्याहून कमीवर काम करणाऱ्या. त्यांचा निभाव लागत नाही.

सगळ्या तारा एकाच डब्यातून गेल्या की झटका आल्यावर सगळ्यांचं व्होल्टेज एकत्र वर जातं, एकत्र खाली येतं. उपकरणांच्या आपसात फरक उरत नाही. डबा अर्थकडे किती करंट वळवतो यापेक्षा हा समतोल होम थिएटरला जास्त वाचवतो.

यादीतल्या प्रत्येक तारेपुढे आता तीनपैकी एक निर्णय लिहा.

काढून टाका. शक्य तिथे हाच उत्तम. टीव्हीला इंटरनेट वाय-फायवर चांगलं मिळत असेल तर लॅनची तार काढा. साउंडबार ऑप्टिकल केबलने चालत असेल तर तांब्याची ऑडिओ केबल नको.

जागा बदला. दुसऱ्या सॉकेटवरचा सबवूफर त्याच प्रोटेक्टरवर आणा. राउटर टीव्हीपाशी असेल तर त्याचाही अॅडॉप्टर तिथेच.

प्रोटेक्टरमधून न्या. कोअॅक्शियल आणि लॅनसाठी आत-बाहेर सॉकेट असलेला प्रोटेक्टर लागेल. यात दोन खड्डे आहेत. डिशच्या केबलमधून सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो आणि त्याच तारेतून वर डिशकडे १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी आणि २२ किलोहर्ट्झचा टोन जातो. साध्या केबल टीव्हीसाठी केलेलं सॉकेट हा डीसी अडवू शकतं. मग 'नो सिग्नल'. लेबलवर सॅटेलाइट आणि डीसी पास असा उल्लेख हवाच. लॅनच्या बाबतीत चारही जोड्या जाणारं, गिगाबिट असं स्पष्ट लिहिलेलं सॉकेट घ्या. नाहीतर वेग १०० मेगाबिटवर अडकतो.

प्रोजेक्टरचं प्रकरण थोडं वेगळं. त्याला स्वतंत्र सॉकेट असतं आणि लांब एचडीएमआय केबल टाळता येत नाही. दोन पर्याय आहेत: प्रोजेक्टरचं सॉकेट खालच्या प्रोटेक्टरमधूनच ओढून घ्या, किंवा पूर्ण फायबरची एचडीएमआय केबल वापरा. बाजारातल्या बऱ्याच 'फायबर' एचडीएमआय केबलमध्ये काही बारीक तांब्याच्या ताराही असतात. त्यांनी धोका कमी होतो, संपत नाही.

> तपासा: कागदावर एकही तार निर्णयाविना उरलेली नाही ना? एक जरी सुटली तरी बाकीच्यांवरचा खर्च अर्धा वाया.

## टप्पा ४: लोड आणि सॉकेटची संख्या

हे काम पाच मिनिटांचं. प्रत्येक उपकरणाच्या मागच्या लेबलवरचे वॅट लिहा आणि बेरीज करा. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा प्रोटेक्टर म्हणजे १,३८० वॅट, १० अँपिअरचा म्हणजे २,३०० वॅट. १२० व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे १,८०० वॅट. सतत चालणारा लोड या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा.

सॉकेट मोजताना दोन जास्त धरा आणि त्यांच्यातलं अंतर पाहा. जाडजूड अॅडॉप्टर दोन-दोन सॉकेट अडवतात, मग कुणीतरी त्यावर मल्टीप्लग चढवतं आणि तिथून गरम होण्याची गोष्ट सुरू होते. हीटर, एसी, व्हॅक्यूम क्लीनर या पट्टीवर कधीच नको.

## टप्पा ५: लेबल वाचा, जाहिरात नव्हे

आता दुकानात जा. खालच्या क्रमाने पाहा आणि जिथे नापास होईल तिथेच ती वस्तू खाली ठेवा.

१. कोणत्या व्होल्टेजसाठी आहे? परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा प्रोटेक्टर ट्रॅव्हल अॅडॉप्टर लावून २३० व्होल्टला जोडला तर आतले एमओव्ही सतत वाहू लागतात, तापतात, पेट घेऊ शकतात. टीव्ही १००–२४० व्होल्टवर चालतो म्हणून ही पट्टीही चालेल असं समजू नका.

२. हा खरोखर सर्ज प्रोटेक्टर आहे का? एक्स्टेन्शन बोर्डला लाल बटण आणि फ्यूज असला की अनेक दुकानांत त्याला स्पाइक गार्ड म्हणतात. फ्यूज किंवा रिसेट बटण ओव्हरलोडसाठी असतं. सर्ज येऊन जातो तेव्हा त्याला पत्ताही लागत नाही. लेबलवर मानक शोधा: यूएल १४४९, किंवा आयईसी ६१६४३-११ आणि त्यासोबत 'टाइप ३' (सॉकेटपाशी लावायचा प्रकार). नुसतं सीईचं चिन्ह पुरेसं नाही, ते उत्पादकाचं स्वतःचं जाहीर म्हणणं असतं.

३. व्होल्टेज कितीवर रोखतो? यूएलच्या लेबलवर याला व्हीपीआर म्हणतात, आयईसीच्या लेबलवर यूपी. आकडा जितका कमी तितकं चांगलं, पण तुलना आपल्याच व्होल्टेजच्या वस्तूंशी करा. १२० व्होल्टच्या प्रोटेक्टरला ३३० हा सर्वांत चांगला दर्जा, ४०० किंवा ५०० चालतो. २३० व्होल्टला हे आकडे शक्यच नाहीत. २३० व्होल्ट एसीचं शिखरच ३२५ व्होल्टपर्यंत जातं, म्हणून तिथे सहसा २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही वापरतात. तो साधारण ४३० व्होल्टला जागा होतो आणि शंभर अँपिअर वाहताना ७०० व्होल्टच्या आसपास धरतो. मोठ्या करंटला त्याहून वर. म्हणून २३० व्होल्टच्या वस्तूवर १,००० ते १,५०० व्होल्ट हा प्रामाणिक आकडा आहे. संवेदनशील इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयईसीच्या वर्गवारीत १,५०० व्होल्टची मर्यादा धरलेली आहे, तिच्या आत राहा. २३० व्होल्टच्या पट्टीवर कुणी '३३० व्होल्ट क्लॅम्पिंग' लिहिलं असेल तर तो मजकूर कुठूनतरी उचललाय एवढं नक्की.

४. संरक्षण किती जोड्यांत? फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही हवेत. स्वस्त मालात बहुधा पहिल्याच जोडीत एकुलता एक एमओव्ही असतो.

५. शेवटी काय होतं? एमओव्ही झिजतो. प्रत्येक सर्ज त्याला थोडा कमजोर करतो आणि एक दिवस तो संपतो. त्या दिवशी काही प्रोटेक्टर उपकरणांची वीज तोडतात, काही वीज चालू ठेवून फक्त संरक्षणाचा दिवा विझवतात. टीव्हीसाठी पहिला प्रकार घ्या. दोन्हीतही एमओव्हीला चिकटून थर्मल फ्यूज (तापल्यावर वाट तोडणारा) असायला हवा. लेबलवर किंवा माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शोधा.

६. दिवे कोणते? बटणातला लाल दिवा फक्त वीज आली एवढंच सांगतो. 'संरक्षण चालू' आणि 'अर्थ ठीक' असे दोन वेगळे दिवे पाहिजेत. सगळ्यात जास्त गैरसमज या लाल दिव्याबद्दल आहे: आतला एमओव्ही केव्हाच मेलेला असतो, आणि दिवा मात्र झोकात लागलेला.

७. आता जूल. इतक्या खाली मुद्दाम ठेवलंय. जूलचा आकडा मोजायची सर्वमान्य पद्धत नाही. उत्पादक सगळ्या एमओव्हींची क्षमता एकत्र करून छापतात. दुप्पट जूल म्हणजे दुप्पट संरक्षण नव्हे, फार तर जास्त आयुष्य. वरचे सहा मुद्दे सारखे निघाले तर दोनांतला जास्त जूलचा घ्या. होम थिएटरसाठी मी हजाराच्या खाली जात नाही. किती मोठा करंट झेलतो हे सांगणाऱ्या किलोअँपिअरच्या आकड्यालाही हाच न्याय, आणि तो ८/२० मायक्रोसेकंदाच्या लहरीसाठी (८ मायक्रोसेकंदांत शिखरावर जाऊन २० ला निम्म्यावर येणारी चाचणीची लहर) दिलाय का ते पाहा.

'प्रतिसाद एका नॅनोसेकंदात' या ओळीकडे दुर्लक्ष करा. विजेच्या तारांवरचा सर्ज चढायलाच मायक्रोसेकंद घेतो आणि कुठलाही एमओव्ही त्याहून चपळ असतो. आवाज खुलतो, चित्र उजळतं वगैरे दावेही सोडून द्या. स्पीकरमधली घरघर बहुधा ग्राउंड लूपची (उपकरणांना एकाहून जास्त वाटांनी अर्थ मिळाल्याची) असते, ती फिल्टरने जात नाही. जोडलेल्या उपकरणांची भरपाई देणारी वॉरंटी असेल तर अटी वाचा. 'सर्व तारा आमच्याच प्रोटेक्टरमधून गेलेल्या असाव्यात' अशी अट त्यात सापडेल, आणि तीच टप्पा ३ मध्ये आपण पूर्ण केली आहे.

एमओव्ही न वापरणारे, जाड कॉइल आणि कपॅसिटरवर चालणारे सीरिज मोड प्रोटेक्टरही मिळतात. ते झिजत नाहीत, अर्थमध्ये करंट ढकलत नाहीत. पण वजनदार आणि महाग असतात. उपकरणं भारी असतील तर विचार करा, एरवी गरज नाही.

## टप्पा ६: डीबीत पहिला बांध

सॉकेटवरचा टाइप ३ हा शेवटचा पहारा. मोठा करंट घरात शिरतो तिथेच, मीटरनंतरच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डमध्ये (डीबी), टाइप २ चा प्रोटेक्टर असेल तर सॉकेटपर्यंत पोचणारा झटका बराच उतरलेला असतो. बाहेर उघड्यावरून तारा येत असतील किंवा इमारतीवर वीजवाहक बसवलेला असेल, तर तिथे टाइप १ ची गरज आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्या.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच, पण तुम्ही तीन गोष्टी पाहू शकता. प्रोटेक्टरला जाणाऱ्या तारांची एकूण लांबी ५० सेंटीमीटरच्या आत हवी. लांब, वळवलेल्या तारा टप्पा ३ मधल्या हिशेबाने सगळा फायदा घालवतात. त्याच्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या मापाचा फ्यूज किंवा एमसीबी हवा. आणि प्रोटेक्टरच्या छोट्या खिडकीतला, तो ठीक असल्याचं सांगणारा हिरवा रंग बाहेरून दिसेल अशी जागा हवी.

टाइप २ बसवला तरी टीव्हीपाशी टाइप ३ लागतोच, विशेषतः डीबीपासून तारेचं अंतर १० मीटरहून जास्त असेल तर. उलट, सॉकेट डीबीच्या अगदी जवळ असेल तर टाइप ३ च्या माहितीपत्रकात किमान अंतराची अट आहे का ते बघा.

> इशारा: यूपीएस असेल तर तो थेट भिंतीत लावा. त्याच्या आउटपुटवर सर्ज प्रोटेक्टर जोडू नका. साइन वेव्ह न देणाऱ्या यूपीएस-इन्व्हर्टरवर फिल्टर असलेली पट्टी तापू शकते.

## टप्पा ७: जोडणीचा क्रम

1. सगळी उपकरणं बंद करा, प्लग काढा, डिशची केबल आणि लॅनही सोडवा.
2. रिकामा प्रोटेक्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. मध्ये एक्स्टेन्शन नाही, दुसरा प्रोटेक्टर नाही, तीन पिनांची दोन पिन करणारा अॅडॉप्टर तर नाहीच.
3. 'संरक्षण' आणि 'अर्थ' हे दोन्ही दिवे पाहा. अर्थचा दिवा चुकीचा दिसला तर इथेच थांबा आणि टप्पा २ कडे जा.
4. पुन्हा बंद करून कोअॅक्शियल आणि लॅन केबल प्रोटेक्टरमधून फिरवा. 'लाइन' लिहिलेल्या बाजूला बाहेरून येणारी तार, 'इक्विपमेंट' बाजूला उपकरण. या दोन बाजूंची अदलाबदल फार जण करतात.
5. एचडीएमआय आणि स्पीकरच्या तारा वीज बंद असतानाच जोडा.
6. शेवटी पॉवर प्लग, मग स्विच.
7. सिग्नलची पातळी आणि लॅनचा वेग आधीसारखाच आहे का, ते पाहा.

तासभर सगळं चालवून प्लगला हात लावा. कोमट चालेल; चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे किंवा लोड जास्त. वायर उरली म्हणून तिची घट्ट गुंडाळी करून गालिच्याखाली किंवा टीव्हीमागच्या बंद कप्प्यात दाबू नका.

## टप्पा ८: नंतरची देखभाल

संरक्षणाचा दिवा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या गडगडाटानंतर पाहा. विझला की पट्टी बदला. दिवा लागत असला तरी पाच वर्षांनी बदललेली बरी. जिथे वादळं जास्त तिथे त्याआधी. काढलेली जुनी पट्टी 'साधं एक्स्टेन्शन' म्हणून दुसऱ्या खोलीत पाठवू नका. झिजलेला एमओव्ही तिथेही तापेल.

इमारतीवर थेट वीज पडली तर तिचा करंट हजारो अँपिअरचा असतो आणि सॉकेटवरची कुठलीही पट्टी त्यापुढे टिकत नाही. वादळाची चिन्हं दिसली की पॉवर प्लग, डिशची केबल आणि लॅन, तिन्ही काढा. नुसता प्लग काढून केबल तशीच ठेवणं म्हणजे टप्पा ३ ची चूक पुन्हा करणं. गडगडाट डोक्यावर आला असेल तर मात्र तारांना हात लावू नका. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

एवढं करूनही काही बिघडलंच, तर दुरुस्तीला देण्याआधी काय मेलंय ते नीट पाहा, कारण त्यावरून झटक्याची वाट कळते. उपकरण अजिबात सुरू होत नसेल तर तो बहुधा पॉवरच्या तारेतून आला. सगळं सुरू होतं पण एचडीएमआय, लॅन किंवा ट्यूनर मेलाय, तर वाट सिग्नलच्या केबलची. प्रोटेक्टर जळालाय, वास येतोय आणि घरातले इतर दिवेही उडालेत, तर तो सर्ज नव्हता, टिकून राहिलेलं जास्त व्होल्टेज होतं. अशा वेळी नवी पट्टी आणण्याआधी न्यूट्रल तपासून घ्या. भरपाईचा दावा करायचा असेल तर एकही तार हलवण्याआधी जोडणीचे फोटो काढून ठेवा.